बाबासाहेबांच्या भाषा आणि आपण



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघत आहे, तीत बाबासाहेबांच्या जीवनावर काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा निरोप आला. आम्ही पडलो रोलिंग मिलमध्ये तापलेले लोखंड ओढणारे कामगार. लिहिणे हा काही आमचा धंदा नव्हे. दहावीला इंग्रजीत नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी संपवून, पेण-रोहा गाडीत बसून. शिवाय बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरात पाठ आहे. १४ एप्रिलला लहान लेकरूसुद्धा महूपासून चैत्यभूमीपर्यंत सगळं धडाधडा सांगतं. तेव्हा तेच पुन्हा लिहून कागद कशाला खर्ची घाला? पण गेल्या दोन वर्षांत दोन गोष्टी अशा घडल्या की बाबासाहेबांच्या चरित्राकडे आम्ही एका निराळ्या बाजूने पाहू लागलो. ती बाजू म्हणजे भाषा.

पहिली गोष्ट मिलमधली. आमच्या पाळीतला एक भाऊ, रोहा तालुक्यातला, आपल्याच समाजाचा. कामावर असताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हा माणूस बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. शेजारच्या आगरी मंडळींशी त्यांच्या बोलीत बोलेल, बिहारकडच्या कामगारांशी हिंदीत बोलेल, आणि जयंतीच्या सभेत उभा राहिला तर शुद्ध मराठीत अर्धा तास भाषण ठोकेल. पण इस्पितळातून आल्यावर त्याच्यापुढे दोन पानी इंग्रजी कागद ठेवला, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. हा कागद कसला, एवढंही त्याने विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला इंग्रजी येत नाही हे चारचौघांत उघडं पडेल, याची लाज! डाव्या हाताने दोन ठिकाणी सही करून घरी आला. पुढे कळले की आपला यापुढे काहीएक दावा नाही, असे त्या कागदात होते. कुठली कंपनी, कोण साहेब, ते इथे लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेले नाही.

दुसरी गोष्ट घरातली. आमची नात पेणला इंग्रजी माध्यमात जाते. हुशार आहे. पण आजीने एकोणतीस रुपये आण म्हटलं की पोर गोंधळते, तिला ट्वेंटी नाईन सांगावं लागतं. एके रविवारी विहारात तिची वही हातात आली. पाहतो तर त्रिशरण-पंचशील तिने इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलेले! पाली भाषा, मराठी मुलगी आणि अक्षर इंग्रजी. आम्हाला आधी राग आला, मग हसू आलं, मग रात्री झोप आली नाही. मिलमधला तो भाऊ इंग्रजीपुढे मुका झाला आणि ही पोर आजीपुढे मुकी होऊ लागली आहे. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

तेव्हा आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढून बसलो. या महामानवाने किती भाषा शिकल्या, कशासाठी शिकल्या, आणि कोणत्या भाषेत कोणाशी बोलले, एवढेच पाहायचे ठरवले. 

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करातल्या शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. कंपनी सरकारच्या काळापासून लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती, म्हणून आपल्या समाजातली काही घरे तेवढी अक्षराला लागली. रामजीबाबा कबीरपंथी. घरात रोज भजन, अभंग, दोहे व्हायचे. म्हणजे पाहा, लहानपणीच त्या घरात घरची कोकणी वळणाची मराठी होती, छावणीतली हिंदुस्थानी होती, कबीराची वाणी होती आणि वडिलांच्या तोंडी इंग्रजीही होती. मुलाच्या डोक्यात गोंधळ होईल अशी धास्ती त्या बापाला वाटली नाही. आजकाल आपल्या आयाबाया मास्तरीणबाईंच्या सांगण्यावरून मुलांशी घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात, मराठी बोललं तर इंग्रजी बिघडेल म्हणून! रामजीबाबांचे घर यांनी पाहायला हवे होते.

वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. तिथे बसायला घरचे तरटाचे बसकर, आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे सर्वांना ठाऊक आहे.

पण त्यानंतर वर्षभरातच जे घडले त्यातली एक बारीक गोष्ट फारसे कुणी सांगत नाही. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत भिवा, त्याचा भाऊ आणि सोबतची मुले वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, डोक्याला टोपी, पहिल्यांदाच आगगाडी. मसूर स्टेशनला उतरली तर न्यायला कुणी आलेले नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने विचारपूस केली, जात कळल्यावर तोंड फिरवले. दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे. डबा बरोबर होता पण पाणी नाही म्हणून खाता येईना. रात्री टोलनाक्यापाशी आले. गाडीवाल्याने सुचवले की मुसलमान आहोत म्हणून सांगा, म्हणजे पाणी मिळेल. तेव्हा नऊ-दहा वर्षांचा भिवा नाकेदाराकडे गेला आणि चांगल्या उर्दूत बोलून त्याने पाणी मागितले. छावणीतल्या मुलाला ती भाषा छान येत होती, संशयाला जागा राहू नये म्हणून तो मुद्दाम तीत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. पोरे तहानलेली, उपाशी झोपली.

ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. ते लिखाण १९९० साली पुस्तकरूपाने आले. आम्ही हा प्रसंग कितीतरी वेळा ऐकला होता, पण उर्दूची गोष्ट कानावरून गेली होती. आता थांबून विचार केला. दुसरी भाषा येणे म्हणजे त्या मुलाला काय होते? दुसऱ्याचा अंगरखा घालून एक घोट पाणी मिळते का ते पाहायचे! आपल्यातले किती लोक शहरात गेल्यावर गावची बोली लपवतात, आडनाव लपवतात. त्यांना आम्ही पूर्वी फार नावे ठेवायचो. आता जरा सबुरीने बोलतो. मोठेपणी, १९१७ साली, बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांनाही पारशी नाव सांगूनच पारशांच्या उतारघरात राहावे लागले होते. परदेशातल्या विद्यापीठाची विद्या आणि सुंदर इंग्रजी पदरात असून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. भाषेने जात झाकत नाही, हे त्यांना दोनदा कळले.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत एका खोलीत आले. तिथे रामजीबाबांनी मुलाच्या इंग्रजीवर जी मेहनत घेतली तिला तोड नाही. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. पहाटे दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे. भाषांतर पाठमाला म्हणजे काय, ते आजच्या मुलांना माहीत नसेल. एक वाक्य मराठीतून इंग्रजीत न्यायचे, एक इंग्रजीतून मराठीत आणायचे. रोज जायचे आणि रोज परत यायचे. आमच्या समजुतीप्रमाणे बाबासाहेबांच्या इंग्रजीचा पाया इथे आहे. ते इंग्रजीत गेले पण मराठीकडे परत येण्याची वाट पायाखालची राहिली. आमच्या नातीला जाण्याची वाट शिकवली आहे, येण्याची कुणी शिकवलेली नाही.

एलफिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला मास्तर तयार झाले नाहीत. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. ते फारसीतही चमकले, आणि बी. ए. झाले ते इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊनच. पण संस्कृतची सल मनात राहिली. पुढे स्वतःच्या कष्टाने त्यांनी ती भाषा हस्तगत केली आणि ज्या ग्रंथांचा आधार घेऊन आपल्याला पाण्यापासून तोडले होते, त्या ग्रंथांची उलटतपासणी केली. 

इथे आमच्या रोह्याची एक गोष्ट आठवते. सर चिंतामणराव देशमुख, ज्यांना सगळे सी. डी. देशमुख म्हणतात, त्यांचे बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. मोठा माणूस, रोह्याला त्यांचा अभिमान आहे आणि असावा. बाबासाहेब मॅट्रिक झाले १९०७ साली, म्हणजे पाचच वर्षे आधी. त्याच मुंबई इलाख्यात, त्याच परीक्षेला बसलेली दोन बुद्धिमान मुले. एकाला संस्कृतसाठी शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला संस्कृतच्या वर्गाचे दार बंद. पुढे १९५० साली हे दोघे दिल्लीत एकाच मंत्रिमंडळात बसले. शंकरशेट शिष्यवृत्तीची यादी कुणी वाचून दाखवली की आम्हाला त्या यादीत नसलेले नाव आठवते.

मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ते पुस्तक मराठीत होते. हे ध्यानात ठेवावे. बुद्ध त्यांना प्रथम भेटला तो मायबोलीत. पाली आणि इंग्रजी ग्रंथ नंतर आले.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ साली लंडनला. पुन्हा १९२० ते १९२३ लंडन. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर. मधल्या काळात जर्मनीत बॉनच्या विद्यापीठातही ते गेले होते, त्यासाठी जर्मन शिकले, आणि त्या विद्यापीठाला अर्जही जर्मन भाषेतच लिहिला. या पदव्यांची यादी सर्वांना पाठ आहे म्हणून पुढे जातो.

खरी गंमत पुढे आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो कमिटीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. अस्पृश्यांना मताचा हक्क आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत, ही मागणी त्यांनी राज्यकर्त्यांना इंग्रजीत सांगितली, कायद्याच्या भाषेत, आकडे मांडून. बरोबर एका वर्षाने, ३१ जानेवारी १९२० ला, त्यांनी ‘मूकनायक’ काढला आणि तेच दुखणे आपल्या लोकांना मराठीत सांगितले. नावातच सगळे आले. ज्याला वाचा नाही त्याचा नायक. त्यावर तुकोबांचा अभंग छापला. पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. १९३० साली ‘जनता’, १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. लंडन-न्यूयॉर्कच्या पदव्या असलेला माणूस, इंग्रजी वृत्तपत्र काढून सहज नाव कमावता आले असते. पण पैशाची चणचण असताना, कधी कधी एकहाती सगळे रकाने लिहून, त्यांनी मराठी पत्रे चालवली. आणि ती मराठी कशी? आम्ही ‘बहिष्कृत भारत’चे अग्रलेख वाचले आहेत. शास्त्री-पंडितांशी वाद घालताना संस्कृत वळणाची, आणि आपल्या माणसाला समज देताना घरच्या वडिलांसारखी खडसावणारी.

महाडला तर आपल्या पेण-रोह्याहून दरवर्षी २० मार्चला गाड्या जातात. १९ व २० मार्च १९२७ रोजी तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस वगैरे मंडळींनी परिषदेची बांधणी केली होती. अध्यक्षपदावरून बाबासाहेब मराठीत बोलले. समोर बसलेले निवृत्त शिपाई, शेतमजूर, मुंबईचे गिरणी कामगार. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागू नका, शेती धरा, असे ते त्यांना समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा आले. या खेपेला बोटीने दासगावला उतरले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या परिषदेत त्यांनी १७८९ सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेची गोष्ट मराठीतून सांगितली. कुठे फ्रान्स आणि कुठे महाड! ज्या लोकांना तालुक्याच्या कचेरीची पायरी चढायची भीती, त्यांना कळले की आपण करतोय ते जगात यापूर्वी झाले आहे. इंग्रजी ग्रंथातून वाचलेले ज्ञान मराठीत उतरवून लोकांच्या हातावर ठेवले, ते असे.

आणि दुसरी बाजू पाहा. डिसेंबरच्या आधीच विरोधकांनी कोर्टातून तळ्यावर जाण्यास मनाई हुकूम आणला होता. कागद पुढे आला! आमच्या मिलमधल्या भावापुढे आला तसाच. पण या वेळी तो कागद वाचणारा माणूस आपल्यात उभा होता. त्यात काय आहे, तो मोडला तर काय होईल, न मोडता कुठे लढता येईल, हे त्यांनी लोकांना सांगितले आणि कोर्टात लढायचे ठरवले. तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. ज्यांनी फक्त २० मार्च लक्षात ठेवला आहे त्यांनी ही १७ मार्चही वहीत लिहून ठेवावी.

आपल्या भागातल्या शेतकऱ्यांचे दुखणेही असेच कागदाचे होते. खोताने कबुलायत लिहून आणायची, कुळाने अंगठा उठवायचा. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या आगरी शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, जमीन पडीक ठेवली, हाल सोसले. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचे बिल विधिमंडळात मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. कायदेमंडळात इंग्रजी, मोर्चात मराठी. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध. आमचे आजोबा तेव्हा मुंबईला गिरणीत होते. बिल इंग्रजीत, बिचाऱ्या कामगाराला त्यातलं काय कळणार? पण आपला संपाचा हक्क जातोय हे त्यांना कळले, कारण ज्याने सभागृहात ते बिल फाडून खाल्ले तोच माणूस कामगारांच्या सभांत येऊन ते मराठीत उलगडून सांगत होता.

आता १९३६ सालचा मे महिना घ्या. आमच्या मते बाबासाहेबांच्या दोन भाषांचे काम सर्वांत स्पष्ट दिसते ते या एका महिन्यात. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. त्यांनी भाषण इंग्रजीत लिहिले. मंडळाला ते पचेना, परिषद रद्द झाली. तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण मे महिन्यात स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याला आपण जातिभेद निर्मूलनाचा ग्रंथ म्हणतो. त्यात ते सवर्ण हिंदू सुधारकांशी बोलत आहेत. त्यांचेच ग्रंथ, त्यांचाच तर्क, त्यांच्यावर उलटवत आहेत. आणि ३१ मे रोजी मुंबईत महार परिषदेत त्यांनी धर्मांतरावर मराठीत भाषण केले, ते ‘मुक्ती कोण पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिथे आपली माणसे समोर. प्रश्न रोजचे. कुणी मारतं तेव्हा आपल्या बाजूने कोण उभं राहतं, आपल्यात कोणतं बळ कमी आहे, ते कुठून आणायचं. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने निघालेली ही दोन भाषणे. एकाचे दुसऱ्यात नुसते भाषांतर केलेले नाही. ऐकणारा बदलला की भाषा बदलली, पण बोलणारा तोच राहिला. ज्यांनी एकच वाचले आहे त्यांनी दुसरेही वाचावे, मग कळेल.

आमची एक तक्रारही होती, ती प्रामाणिकपणे सांगतो. बाबासाहेबांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा आपला धम्मग्रंथसुद्धा मूळ इंग्रजी, १९५७ साली त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मराठी भाषांतर हाती येईपर्यंत आमच्या वडिलांच्या पिढीने बाबासाहेब ऐकले ते भाषणांतून, जलशांतून आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतून. ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं त्यांनाच पुस्तक वाचता येऊ नये, हे आम्हाला खटकायचं. आता थोडा उलगडा होतो. पंजाबचा, तमिळ मुलखाचा, उत्तर प्रदेशचा आपला भाऊ मराठी कशी वाचणार? शिवाय ज्या वकिलाने, साहेबाने, पंडिताने उत्तर द्यायचे त्याच्या टेबलावर तो ग्रंथ पडायला हवा होता. तरी खटकणे पुरते गेलेले नाही. आमच्या वडिलांनी इंग्रजी प्रत विकत घेऊन पेटीत जपून ठेवली होती. वाचता येत नव्हती. नुसते पान उलटून परत ठेवायचे.

भाषावार राज्यांबद्दल बाबासाहेबांचा विचारही समजून घेतला पाहिजे. १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. एका राज्यात एक भाषा असावी, कारण दोन भाषांचे लोक एका राज्यात कोंबले की एकमेकांबद्दल संशय वाढतो, असे त्यांचे म्हणणे. पण राज्याचा कारभार मात्र प्रादेशिक भाषेत नको, नाहीतर उद्या प्रत्येक प्रांत स्वतःला वेगळे राष्ट्र समजू लागेल. कारभार हिंदीत आणि हिंदी तयार होईपर्यंत इंग्रजीत असावा. हे मत तेव्हा अनेकांना रुचले नाही, आम्हालाही सगळे पटते असे नाही, कारण कारभार परक्या भाषेत असला की काय होते ते मिलमध्ये पाहिले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, त्यानंतर सव्वा महिन्यात बाबासाहेब गेले. द्वैभाषिक १९६० साली मोडले आणि महाराष्ट्र झाला. सी. डी. देशमुखांनी याच मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले होते, हेही रोहेकरांना माहीत आहेच. भाषेचा हा वाद अजून संपलेला नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यात केवढे रान उठले, आणि जूनअखेर शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला.

शेवटच्या वर्षांत त्यांनी मन लावले ते पालीला. बुद्धवचन ज्या भाषेत टिकले ती भाषा आपल्याला मुळातून कळावी म्हणून आजारपणात, डोळे साथ देत नसताना, त्यांनी पालीचा शब्दकोश तयार करायला घेतला. पाली शब्द आणि त्याचा अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत. तो १९९८ साली शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय झाले पाहा. भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील पालीत घेतले, आणि त्याचा उच्चार मराठीतही केला. मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. पाली ठेवली, पण न समजता नुसती घोकायला ठेवली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला, तेव्हा आमच्या मनात नागपूरचे तेच मैदान आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

हे सगळे वाचल्यावर आम्ही नातीला रागावणे सोडले. गेल्या वर्षावासापासून विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास बसतो. इंग्रजी शाळेतली मुले ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चा इंग्रजी उतारा मोठ्याने वाचतात, आजीची ती पेटीतली प्रत. मग मोठी माणसे मराठी प्रतीतून तोच उतारा वाचतात, आणि ज्याला जो शब्द अडेल तो दुसऱ्याला विचारतो. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. नातीने धीर करून एकोणसत्तर म्हणजे किती ते आजीला विचारले, तेव्हा बायका हसल्या आणि मग सगळेच विचारू लागले. मिलमधला आमचा भाऊ मागच्या रांगेत बसतो. त्याने तो दोन पानी कागद आणला होता. मुलांनी एकेक ओळ वाचली, आम्ही मराठी केली, तीन रविवार लागले. आता त्याच कागदावर त्याचा अर्ज गेला आहे, अर्ज मराठीत आणि सोबत इंग्रजी भाषांतर. सही उजव्या हाताने, उरलेल्या तीन बोटांनी.

वर्ग सकाळी दहाला सुरू होतो. बँकेचा, कंपनीचा, इस्पितळाचा, विम्याचा, कसलाही इंग्रजी कागद घरी आला असेल तर सोबत आणावा, आणि सही करायच्या आधी आणावा. मुलांनी वह्या-पेन्सिल आणाव्यात.

जयभीम! नमो बुद्धाय!